रिकाम्या चर्चमधील अभ्यागत

इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतली जुनी चर्चे पाहत हिंडणे हा तिथल्या सुशिक्षित मध्यमवर्गाचा एक स्थिरावलेला छंद आहे. इंग्रजीत त्याला ‘चर्च-क्रॉलिंग’ असे थट्टेचे नाव आहे. एका गुत्त्यातून दुसऱ्या गुत्त्यात जाणाऱ्या मद्यप्यांच्या फेरीवरून ते घडलेले आहे. छांदिष्ट खेड्यात उतरतो, दाराला कुलूप असल्यास शेजारच्या घरातून किल्ली मागून आणतो, बाप्तिस्म्याचे दगडी कुंड, लाकडी बाके, छताच्या तुळया आणि भिंतींवरील स्मृतिशिला न्याहाळतो, अभ्यागतांच्या वहीत सही करतो, पेटीत नाणे टाकतो आणि पुढच्या खेड्याची वाट धरतो. तो प्रार्थनेसाठी आलेला नसतो. बहुधा प्रार्थनेची वेळ टाळूनच आलेला असतो.

या माणसाला गतकातर पर्यटक म्हणून निकालात काढणे सोपे आहे. तथापि गेल्या दोन शतकांतील इंग्रजी कवितेत तो इतक्या वेळा आणि इतक्या महत्त्वाच्या जागी येतो की, त्याच्या दृष्टीची चिकित्सा केल्यावाचून त्या कवितेचा एक मोठा भाग नीट उलगडत नाही. शिवाय त्याच्या निमित्ताने एक सैद्धांतिक प्रश्नही पुढे येतो. श्रद्धेसाठी उभारलेल्या वास्तूचा श्रद्धेविना घेतलेला आस्वाद हा नेमका कशाचा आस्वाद असतो? ज्या ताटस्थ्याला सौंदर्यशास्त्र आस्वादाची पूर्वअट मानते, त्या ताटस्थ्याची किंमत कोण भरत असते?

हा छंद आरंभी छंद नव्हता. ती एक मोहीम होती. १८३९ मध्ये केंब्रिज येथे जॉन मेसन नील, बेंजामिन वेब आदी विद्यार्थ्यांनी ‘केंब्रिज कॅम्डन सोसायटी’ स्थापन केली. चर्चची पाहणी करणाऱ्यांसाठी या संस्थेने छापील कोष्टके तयार केली. कुंड कोणत्या आकाराचे, खिडक्या कोणत्या शैलीच्या, वेदीपुढील पडदी शाबूत आहे की नाही, अशा रकाने भरून घेणाऱ्या या कागदाने पाहण्याची एक शिस्त घालून दिली. पण ही शिस्त निष्पक्ष नव्हती. मध्ययुगीन गॉथिक शैलीचा एक विशिष्ट टप्पा हाच खरा ख्रिस्ती टप्पा, असा तिचा आग्रह होता. परिणामी नोंद करणाऱ्यांच्या पाठोपाठ ‘जीर्णोद्धार’ करणारे आले. त्यांनी नंतरच्या शतकांतील बाके, सज्जे व खिडक्या काढून टाकल्या आणि कधी अस्तित्वातच नसलेले मध्ययुग नव्याने उभे केले. या जीर्णोद्धाराच्या लाटेविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. वास्तूवर काळाचे जे थर चढले आहेत तेच तिचे सत्य होय आणि तिची निगा राखावी, तिला ‘मूळ रूप’ देण्याच्या भरीस पडू नये, ही तिची भूमिका होती. संहितेच्या ‘शुद्ध’ प्रतीचा आग्रह धरणारा संपादक आणि पाठभेदांसह संहिता स्वीकारणारा संपादक यांच्यातील वादाशी या वादाचे असलेले साम्य उघड आहे.

टॉमस हार्डी हा या वादाच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला लेखक होय. व्यवसायाने वास्तुविशारद असलेला तरुण हार्डी १८७० मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट जूलियट येथील चर्चच्या पाहणीसाठी गेला आणि तेथेच त्याला त्याची भावी पत्नी एमा गिफर्ड भेटली. त्या चर्चचा जो जीर्णोद्धार झाला त्यात जुने बरेच काही कायमचे गेले. पुढे १९०६ मध्ये मॉरिसच्याच संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात हार्डीने आपल्या त्या कामांची झाडाझडती घेतली. त्या निबंधाचे मोल पश्चात्तापापुरते नाही. धर्मगुरू आणि गावकरी यांच्या लेखी चर्च ही वापरातली वास्तू असते, तर बाहेरून येणाऱ्याच्या लेखी ती जपून ठेवण्याचा अवशेष असते. या दोन मागण्या एकाच दगडमातीवर येऊन आदळतात आणि कोणतीही एक पुरी केली की दुसरीवर अन्याय होतो, हा पेच त्याने नेमका मांडला. ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) या कादंबरीच्या आरंभीच खेड्यातील जुने चर्च पाडून त्याजागी नवे गॉथिक चर्च उभारल्याचा उल्लेख येतो. तेथील हार्डीचा उपरोध जितका श्रद्धाहीनतेविरुद्ध आहे, तितकाच सौंदर्याच्या नावाने स्मृती पुसणाऱ्यांविरुद्धही आहे.

विसाव्या शतकात ही मोहीम खऱ्या अर्थाने छंद झाली. तिची दोन व्याकरणे दोन व्यक्तींनी सिद्ध केली. निकोलस पेव्हस्नर हा लाइपझिगमध्ये जन्मलेला कलेतिहासकार नाझी राजवटीमुळे प्राध्यापकी गमावून इंग्लंडमध्ये आला आणि त्याने १९५१ ते १९७४ या काळात ‘बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ या मालेचे ४६ खंड पूर्ण केले. पेव्हस्नरचे गद्य कोरडे आणि काटेकोर आहे; शैली, काळ, कारागीर, इतकेच सांगून ते पुढे जाते. याउलट जॉन बेटजेमनने १९५८ मध्ये संपादित केलेल्या इंग्लंडमधील पॅरिश चर्चांच्या मार्गदर्शिकेत वास्तूइतकेच तिच्याभोवतीचे जगणे येते: दिव्यांचा उजेड, चटयांचा वास, घंटा वाजवणाऱ्यांची पाळी. एकाने चर्च हा दस्तऐवज मानला, दुसऱ्याने वातावरण. परंतु वातावरण जपण्याच्या उत्साहात माणसांचे चित्रात रूपांतर होण्याचा धोका असतो. बेटजेमनच्या कवितेतही गावचा पाद्री, ऑर्गन वाजवणारी बाई, फुले मांडणारी विधवा ही पात्रे पुष्कळदा चर्चच्या सामानाचाच भाग होऊन येतात.

या पार्श्वभूमीवर फिलिप लार्किनची १९५४ मध्ये लिहिलेली आणि ‘द लेस डिसीव्ड’ (१९५५) या संग्रहात आलेली ‘चर्च गोइंग’ ही कविता पुन्हा वाचली पाहिजे. तिच्या शीर्षकातील श्लेष मराठीत आणणे कठीण आहे. हे दोन शब्द जोडून लिहिले की नियमित चर्चला जाण्याची रीत सूचित होते. सुटे लिहिले की चर्चच चालले आहे, नाहीसे होत आहे, असाही अर्थ निघतो. कवितेतील निवेदक सायकलवरून आलेला आहे. आत काही चालू नाही याची खात्री करून घेतल्यावरच तो पाऊल टाकतो. डोक्यावर टोपी नसल्यामुळे आदर म्हणून तो पँटला लावलेल्या सायकलच्या क्लिपाच काढतो. व्यासपीठावर चढून धर्मग्रंथातील चार ओळी वाचतो, वहीत सही करतो, इंग्लंडमध्ये न चालणारे आयरिश नाणे दान म्हणून टाकतो आणि येथे थांबण्यासारखे काही नव्हते असे ठरवतो. त्यानंतर कविता वळण घेते. मग आपण वारंवार थांबतो का, हा प्रश्न त्याला पडतो; आणि ही वास्तू पूर्णपणे ओस पडल्यावर तिचे काय होईल, तिचा हेतू शोधत येणारा शेवटचा माणूस कोण असेल, या कल्पनांमधून तो अखेर एका गंभीर निष्कर्षाशी पोचतो. जन्म, विवाह आणि मृत्यू यांना या जागेने एकत्र धरून ठेवले होते. म्हणून गांभीर्याची गरज भासणारा कोणीतरी इकडे ओढला जातच राहील.

या निष्कर्षाचे पुष्कळ कौतुक झाले आहे आणि ते अनाठायी नाही. नऊ ओळींची सात कडवी, त्यांतील घट्ट पण अर्धस्वरात लपवलेली यमके आणि बोलीच्या ढिलाईपासून प्रार्थनेच्या लयीपर्यंत चढत जाणारी शब्दकळा यांमुळे ही कविता स्वतःच एक बांधीव वास्तू होते. निवेदकाचे अज्ञानही तितकेसे खरे नाही. आपल्याला या वास्तूची माहिती नाही असे तो सुचवतो, पण प्रसादाची भाकर ठेवण्याच्या डबीसाठी असलेला ‘पिक्स’ हा शब्द त्याला येतो. चर्चे ठोकून पाहत टिपणे घेणाऱ्या हौशी मंडळींची टर उडवताना ‘रूड-लॉफ्ट’, म्हणजे क्रूस उभारण्याचा सज्जा, कशाला म्हणत हे त्यांना ठाऊक असते, असे तो म्हणतो. अर्थात तो शब्द त्यालाही ठाऊक आहे. ज्या छांदिष्टांच्या टोळीपासून तो स्वतःला वेगळा काढतो, त्याच टोळीचा तो एक अनिच्छुक सभासद आहे. कवितेतील विनोदाचा आणि तिच्या प्रामाणिकपणाचा उगम या अंतर्विरोधात आहे.

मात्र कवितेतील दोन बारीक तपशिलांकडे लक्ष दिले तर तिच्या तर्काला एक तडा गेलेला दिसतो. पहिला तपशील फुलांचा. रविवारसाठी तोडलेली फुले आता तपकिरी पडली आहेत, असे निवेदक प्रारंभीच नोंदवतो. दुसरा तपशील छताचा. छत जवळजवळ नवे दिसते. ते स्वच्छ केले आहे की दुरुस्त केले आहे हे सांगणारा कोणीतरी असेल, आपण ते सांगू शकत नाही, असे तो म्हणतो आणि पुढे सरकतो. या दोन तपशिलांचा अर्थ उघड आहे. गेल्या रविवारी येथे प्रार्थना झाली होती. कोणीतरी फुले आणली, कोणीतरी छतासाठी पैसे गोळा केले. चर्च मेलेले नाही. निवेदक आठवड्याच्या मधल्या दिवशी आलेला आहे, आणि तोही आत कोणी नाही हे पाहून. एका दिवसाच्या रिकामपणाला तो एका युगाचा रिकामपणा मानतो. कवितेतील ओसाड भविष्याची सारी कल्पना या स्थलांतरावर उभी आहे.

ही लार्किनची चूक आहे असे म्हणण्याचे कारण नाही. किंबहुना कवीने फुले आणि छत यांची नोंद ठेवली, हीच कवितेची निवेदकापेक्षा अधिक असलेली समज आहे. अर्थात उत्तरार्धातील ऱ्हासाचे भाकीत निराधार होते असेही नाही. १९६८ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चमध्ये ‘अतिरिक्त’ ठरलेल्या वास्तूंची रीतसर व्यवस्था लावण्याची सोय झाली आणि १९६९ मध्ये अशा वास्तूंपैकी महत्त्वाच्या सांभाळण्यासाठी एक निधी स्थापन झाला. १९९४ पासून ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्चे आहेत. पण इंग्लंडच्या चर्चच्या एकंदर वास्तू सुमारे १६ हजार आहेत आणि त्यांपैकी बहुतेक अजून वापरात आहेत. तेव्हा प्रश्न भाकीत खरे ठरले की खोटे हा नाही. आस्वादक दृष्टीला रिकामपण हवे असते आणि ते नसेल तेथे ती ते निर्माण करते, हे या कवितेतून दिसते, हा खरा मुद्दा आहे.

आतल्या माणसाला हे रिकामपण कसे दिसते, हे पाहण्यासाठी आर. एस. टॉमस या वेल्श कवीकडे वळावे लागते. टॉमस स्वतः धर्मगुरू होता. १९४२ ते १९५४ या काळात तो मॅनाफन या डोंगराळ खेड्यात होता आणि पुढे एग्लुइसफाख व अॅबरडॅरन येथे. ‘इन चर्च’ या त्याच्या कवितेत उपासक निघून गेल्यावर मागे राहिलेला एकच माणूस शांततेचा अदमास घेत आहे. लार्किनच्या निवेदकाप्रमाणे त्याच्याही वाट्याला उत्तर येत नाही. अंधारात ऐकू येतो तो त्याचा स्वतःचाच श्वास. परंतु लार्किनचा माणूस सायकलवर बसून निघून जाऊ शकतो, टॉमसचा जाऊ शकत नाही. उद्या, परवा आणि पुढच्या रविवारी त्याला याच शांततेपुढे उभे राहायचे आहे. अभ्यागताच्या लेखी शांतता हा अनुभव आहे. धर्मगुरूच्या लेखी ती नोकरी आहे, आणि त्याहूनही अवघड म्हणजे शिक्षाही आहे. बेटजेमनलाही पुढे याची जाणीव झालेली दिसते. नॉरिच धर्मप्रांतातील चर्चांवर त्याने १९७४ मध्ये केलेल्या ‘अ पॅशन फॉर चर्चेस’ या बीबीसीच्या चित्रपटात एक पाद्री घंटा वाजवून एकही माणूस नसलेल्या चर्चमध्ये सकाळची प्रार्थना म्हणताना दिसतो. बेटजेमनच्या निवेदनाचा रोख तेथे विनोदाकडे नाही. गाव आले नाही तरी गावाच्या वतीने कोणीतरी उभे आहे, याकडे तो आहे.

टी. एस. एलियटने या पेचातून काढलेला मार्ग वेगळा. निकोलस फेरारच्या कुटुंबाने १६२६ मध्ये लिटल गिडिंग येथे प्रार्थनामय जीवन सुरू केले होते. यादवी युद्धात ते विखुरले. एलियट तेथे १९३६ मध्ये जाऊन आला आणि १९४२ मध्ये ‘लिटल गिडिंग’ प्रसिद्ध झाली. त्या कवितेत अभ्यागताला घातलेली अट अशी की, कुतूहल शमवण्याचा आणि माहिती नेण्याचा हेतू त्याने दाराबाहेर ठेवावा आणि गुडघे टेकावेत. म्हणजे एलियट अभ्यागताला उपासक बनवून पेच मिटवतो. ही सोडवणूक भव्य आहे, पण जो गुडघे टेकू शकत नाही त्याच्यासाठी ती काहीच सांगत नाही. आणि बहुसंख्य अभ्यागत हे असेच असतात. तथापि व्यवहारात एलियटने आणखी एक मार्ग मान्य केला. आयव्हर बुल्मर-टॉमस याने १९५७ मध्ये मोडकळीस आलेल्या चर्चांसाठी ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था काढली, तेव्हा तिच्या आरंभीच्या साथीदारांत एलियट, बेटजेमन आणि चित्रकार जॉन पायपर होते. पाहण्याच्या मागोमाग सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि ती श्रद्धावान नसलेल्यालाही घेता येते, असे हा मार्ग सांगतो.

मराठी सौंदर्यविचारात हा प्रश्न अपरिचित नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्य या संकल्पनेचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले आणि या संकल्पनेचा कोणताही एक ध्रुव गाळून तिचे आकलन होत नाही असे प्रतिपादन केले. ग्रामीण चर्चचा अभ्यागत या द्विध्रुवात्मकतेचे सजीव उदाहरण ठरतो. वेदीकडे वेदी म्हणून न पाहता तिच्या आकाराकडे पाहणे ही अलौकिकतावादी वृत्ती. पण त्या आकारात जे गांभीर्य त्याला जाणवते ते तेथे झालेल्या बाप्तिस्म्यांचे आणि दफनांचे आहे, म्हणजे सर्वस्वी लौकिक आहे. लार्किनच्या शेवटच्या कडव्यात हे दोन ध्रुव एकमेकांना जवळजवळ स्पर्श करतात.

अश्रद्ध माणसाने तीर्थस्थळी जाण्याचा हाच प्रश्न मराठी वाचकाला अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ (१९७६) या इंग्रजी कवितामालेतून अधिक जवळून भेटला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीयांची चिकित्सा करताना कोलटकरांच्या भूमिकेवर पर्यटकी वृत्तीचा आक्षेप घेतला होता. तो गांभीर्याने घ्यावा असाच आहे, कारण तो ‘पाहणे’ आणि ‘दर्शन घेणे’ यांतील अंतरावर बोट ठेवतो. परंतु लार्किनच्या शेजारी ठेवून वाचले असता या दोन अभ्यागतांतील फरक स्पष्ट होतो. लार्किनच्या निवेदकाशी कवितेत कोणीही बोलत नाही. कोलटकरांच्या निवेदकाला हे सुख मिळत नाही. बसमध्ये समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो; डोंगरावर एक म्हातारी त्याच्या मागे लागते आणि पन्नास पैसे मागते. तिच्याकडे पाहता पाहता त्याची स्वतःची प्रतिमाच आक्रसून जाते. जेजुरी रिकामी नाही, म्हणून तेथे ताटस्थ्य टिकत नाही. स्थळ अभ्यागताकडे परत पाहते.

पर्यटकी वृत्तीची खरी कसोटी येथे सापडते. अभ्यागत श्रद्धाळू आहे की नाही, यावर ती अवलंबून नाही. आणि तो किती माहितगार आहे यावरही नाही, कारण कॅम्डन सोसायटीच्या माहितगारांनीच सर्वाधिक नासधूस घडवली. ज्या संहितेत स्थळाला, आणि ते सांभाळणाऱ्यांना, अभ्यागताच्या दृष्टीत अडथळा आणण्याची मुभा असते ती संहिता पर्यटनाच्या पलीकडे जाते. या कसोटीवर बेटजेमनची बरीच सुरुवातीची कविता कमी पडते आणि त्याचा १९७४ चा चित्रपट उतरतो. टॉमसची कविता तर अडथळ्याच्याच बाजूने लिहिलेली आहे.

लार्किनच्या कवितेचा निकाल मात्र सहज लागत नाही. तिचा निवेदक अडथळे टाळतो, पण कविता ते पूर्णपणे टाळत नाही. तपकिरी पडलेली फुले आणि नव्यासारखे छत यांच्या रूपाने गावातील अनामिक माणसे तिच्या पहिल्या दोन कडव्यांत येऊन गेलेली आहेत. निवेदक त्यांची दखल घेत नाही. वाचकाने ती घेतली की उत्तरार्धातील भव्य विचारांचा स्वर बदलतो. ही जागा गंभीर आहे ती मृतांमुळेच नव्हे, तर रविवारी फुले बदलणाऱ्या जिवंत माणसांमुळेही, हे कळते. ताटस्थ्याच्या सिद्धांताला या माणसांचा हिशेब ठेवावा लागेल. आस्वादकाला जी शांतता आयती मिळते ती आपोआप टिकत नाही. दार उघडे ठेवणारा, झाडलोट करणारा आणि गळके छत शाकारणारा कोणीतरी ती रोज तयार करत असतो.